हवेचा वाटा
(प्रस्तावना)

जानेवारीतली पुण्याची सकाळ. पत्र्याच्या शेडमध्ये एक छोटी पेट्रोल गाडी रोलरवर चढवलेली, पट्टे आवळलेले, समोर मोठा पंखा. ट्यूनर रन मारतो, पडद्यावर रेघ चढत जाते आणि 97 वर टेकते. मालक खूश होतो, मोबाइलवर फोटो काढतो. मे महिन्यात तोच मालक तीच गाडी घेऊन पुन्हा येतो. रोलर तोच, पेट्रोलपंपही तोच. आकडा येतो 90. मालकाचा चेहरा उतरतो आणि ट्यूनर घाम पुसत म्हणतो, "साहेब, गाडीला काही झालेलं नाही, हवा बदललीय." मालकाला वाटतं, हा टोलवतोय.

ट्यूनर टोलवत नव्हता. जानेवारीत सकाळी तापमान 12 अंश, मे महिन्यात पत्र्याखाली 39 अंश, आणि वायुभारही थोडा उतरलेला. या फरकाचा हिशेब प्रचलित सूत्राने केला, तर ज्या गाडीची 'प्रमाण' ताकद 100 अश्वशक्ती आहे ती जानेवारीत 97 दाखवील आणि मे महिन्यात साडेनव्वद. सात घोडे तबेल्यातून कोणी सोडून नेलेले नाहीत. त्यांना त्या दुपारी पुरेसा श्वास मिळाला नाही, इतकंच.

हे पुस्तक त्या सात घोड्यांबद्दल आहे. गाडीची ताकद मोजायचं यंत्र म्हणजे डायनॅमोमीटर, गॅरेजातल्या बोलीत डायनो. त्यावर गाड्या लावणाऱ्यांनी, लावून घेणाऱ्यांनी आणि छापील आकड्यांवरून वाद घालणाऱ्यांनी हे पुस्तक वाचावं अशी माझी इच्छा आहे. आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधल्या मुलांनी तर वाचावंच, कारण इंजिन खोलणं-जोडणं त्यांना शिकवलं जातं, पण त्या इंजिनाला कोणती हवा मिळते हा प्रश्न बहुधा तोंडी परीक्षेतही येत नाही.

इंजिन मुळात हवा ओढणारा पंप आहे. दीड लिटरचं इंजिन मिनिटाला 6,000 फेरे फिरत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एकदा आपलं पोट भरून घेतं, म्हणजे मिनिटाला जवळपास 4,500 लिटर हवा. सोसायटीच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते, तशा साडेचार टाक्या, एका मिनिटात. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. पेट्रोल वाढवणं सोपं असतं, पंप आणि इंजेक्टर हवं तेवढं देतात. अडतं ते हवेपाशी. इंजिनाच्या पोटाचं माप लिटरमध्ये ठरलेलं, पण त्या लिटरमध्ये हवा किती ग्रॅम मावते हे त्या दिवसाने ठरवायचं. हवा तापली की विरळ होते. आपण उंचावर गेलो की वरच्या हवेचा भार कमी होतो आणि ती आणखी विरळ होते. तिच्यात बाष्प मिसळलं की तेवढी प्राणवायूची जागा अडते.

यातल्या तिसऱ्या गोष्टीवर बहुतेकांचा विश्वास बसत नाही. जुलैत मुंबईत उतरलं की आपण म्हणतो, हवा जड झालीय. प्रत्यक्षात दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याच्या रेणूचं वजन 18, हवेचं सरासरी 29. जड गडी बाहेर गेला आणि हलका आत आला. अंगाला चिकटणारा घाम आपली दिशाभूल करतो. इंजिनाचं गणित सरळ आहे. 30 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असेल, तर वायुभारातले सुमारे 36 हेक्टोपास्कल नुसत्या बाष्पाचे असतात. एकूण भार 1003 धरला, तर इंजिनाच्या उपयोगाचे उरतात 967. ते बाष्प हिशेबात घ्यायला विसरलात, तर उत्तर साडेचार टक्क्यांच्या आसपास चुकतं. मुंबईत ही चूक पावसाळाभर रोज होऊ शकते.

गंमत अशी, की ताकद मोजण्याची विद्या जन्मली तेव्हा हवामानाचं कोणाला फारसं पडलेलं नव्हतं. जेम्स वॉटने घोड्याची बरोबरी मिनिटाला 33,000 फूट-पौंड अशी बांधली, ती वाफेची यंत्रं विकण्यासाठी. 1821च्या सुमारास फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनीने फिरत्या दांड्यावर लाकडी ठोकळे आवळून आणि तरफेला वजन टांगून ब्रेक बनवला. 'ब्रेक हॉर्सपॉवर' हा शब्द आजही त्याची आठवण वागवतो. 1877 मध्ये विल्यम फ्रूडने ब्रिटिश नौदलासाठी पाण्याचा ब्रेक तयार केला, म्हणजे घर्षणाऐवजी पाणी घुसळून ताकद जिरवायची. मग विजेच्या भोवरी प्रवाहांचे ब्रेक आले, आणि पुढे गॅरेजात परवडणारा जड रोलर, ज्याचं जडत्व ठाऊक असल्याने तो किती वेगाने गती घेतो यावरून ताकद काढता येते. ही सगळी प्रगती मोजणाऱ्याच्या बाजूने झाली. वाफेच्या इंजिनाची ताकद बॉयलरमध्ये तयार होते, बाहेर थंडी की उकाडा याने तिचं फारसं अडत नाही. श्वास घेणारं इंजिन आलं आणि हवामान मोजणीच्या खोलीत शिरलं.

ते खऱ्या अर्थाने शिरलं विमानांमुळे. पहिल्या महायुद्धात वैमानिक वर जात आणि जमिनीवर ठणठणीत असलेलं इंजिन वर गेल्यावर धापा टाकी. वॉशिंग्टनच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने मग अख्खं इंजिन बंद कोठीत ठेवलं, आतली हवा उपसली, थंड केली आणि आकाश जमिनीवर आणलं. दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो. 1918 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉसने लिबर्टी जातीचं बारा सिलिंडरचं विमान-इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या शिखरावर नेलं. उंची 14,000 फुटांहून अधिक. खाली साडेतीनशे अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर सुमारे 230 वर आलं. मग त्याने आपला टर्बो जोडला आणि आकडा 356 वर गेला. टर्बो गाड्यांच्या जाहिराती पाहताना मला त्या ट्रकची हटकून आठवण होते. ते यंत्र मुळात अधिक ताकदीसाठी नव्हतंच, डोंगराने हिरावलेली हवा परत मिळवण्यासाठी होतं.

इथपर्यंत कोणाचं दुमत नव्हतं. भांडण लागलं ते पुढच्या प्रश्नावर: निरनिराळ्या हवेत मोजलेले आकडे एकमेकांशेजारी कसे ठेवायचे? सर्वांनी एक काल्पनिक दिवस ठरवायचा आणि आपला आकडा एका गुणकाने त्या दिवसावर नेऊन दाखवायचा, म्हणजे करेक्शन लावायचं, हा उपाय सुचला. पण तो दिवस कोणता?

अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह इंजिनियरांच्या संस्थेने, एसएईने, जुन्या जे607 मध्ये तो ठरवला 60 अंश फॅरनहाइट, समुद्रसपाटीचा भार आणि पूर्ण कोरडी हवा. इंजिनासाठी हा सणाचा दिवस. नंतरच्या जे1349 ने तो 25 अंश सेल्सिअस आणि 990 हेक्टोपास्कल कोरडा भार असा आणला, प्रयोगशाळेत खरोखर भेटणाऱ्या हवेजवळ. जर्मनांच्या डीआयएन 70020 चा दिवस 20 अंश आणि 1013 हेक्टोपास्कलचा, आणि बाष्पाची वजाबाकी नाही. आंतरराष्ट्रीय आयएसओ 1585 ने पुन्हा 25 अंश आणि 990 घेतले. आपल्याकडचं आयएस 14599 त्याच वळणाचं आहे. म्हणजे एकच गाडी, एकच रन आणि तीन दिवस. जे607चा आकडा जे1349पेक्षा साधारण 4 टक्क्यांनी मोठा दिसतो. डायनोच्या सॉफ्टवेअरमध्ये या सगळ्या पद्धती एका यादीत मांडलेल्या असतात आणि निवड एका टिचकीवर असते. जे607 अजून का जिवंत आहे हे विचारायची गरज नाही. मोठा आकडा कोणाला नको असतो?

त्यात अश्वशक्तीही एक नाही. वॉटची 745.7 वॅटची आणि युरोपातली पीएस 735.5 वॅटची. त्यामुळे 100 पीएस म्हणजे 98.6 बीएचपी. आणि हवामानाशी काडीचा संबंध नसताना आकडे कसे कोसळतात ते पाहायचं असेल, तर 1971 आणि 1972 चं कॅडिलॅक एल्डोराडो पाहावं: कागदावर 365 वरून 235. उघडं इंजिन मोजायची पद्धत सोडून सायलेन्सर आणि पंख्यासकट मोजायची पद्धत घेतली, एवढंच झालं. 2005च्या सुमारास जे1349चे नियम घट्ट केल्यावर टोयोटा कॅमरीचा व्ही6 असाच 210 वरून 190 वर आला. आकडा ही यंत्राची जन्मखूण आहे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी हे दोन दाखले लक्षात ठेवावेत.

सूत्राच्या पोटात काय आहे, यावर या पुस्तकात मी बराच वेळ घालवला आहे, कारण तिथे खरी मजा आहे. हवेची घनता भाराच्या प्रमाणात वाढते आणि निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे अकरावीत शिकवतात. मग जे1349 मध्ये तापमानाचं वर्गमूळ का? कारण सिलिंडर म्हणजे शांतपणे भरणारा हंडा नव्हे. अरुंद वाटेतून झपाट्याने हवा आत येते, आणि तापलेली हवा विरळ असली तरी अधिक वेगाने वाहू शकते. शिवाय ती आधीच तापलेली असल्याने तप्त भिंतींकडून कमी उष्णता घेते. उन्हाने जे काढून घेतलं, त्यातलं थोडं ऊनच परत देतं. बाकी आयएसओने वर्गमूळही धरलं नाही. पेट्रोल इंजिनासाठी त्यांचा घात 0.6 आणि भाराचा 1.2. हे आकडे शुद्ध सिद्धांतातून पडलेले नाहीत, कित्येक इंजिनांच्या चाचण्यांवर बेतलेले आहेत.

जे1349च्या शेवटी 0.18 वजा करतात, त्याचंही कोडं नवख्याला पडतं. पिस्टन, बेअरिंग, ऑइल पंप यांचं घर्षण हवामान पाहून बदलत नाही. हवा बदलल्याने सिलिंडरमध्ये जन्मणारी ताकद बदलते, तिच्यातून खाल्लं जाणारं घर्षण तेवढंच राहतं. मग गुणक सगळ्या ताकदीला लावायचा आणि घर्षण पुन्हा वजा करायचं. यांत्रिक कार्यक्षमता 85 टक्के धरली, तर 15 भागिले 85 म्हणजे साधारण 0.18. जगातल्या प्रत्येक इंजिनाची कार्यक्षमता 85 टक्के आहे, असं एका बैठकीत गृहीत धरलं गेलं. गृहीतक वाईट नाही. पण ते गृहीतक आहे.

आता माझं मत सांगतो, आणि या पुस्तकाचा कणाही तोच आहे: करेक्शन हा निसर्गाचा नियम नसून माणसांनी आपसात केलेला करार आहे, आणि तो जितका कमी वापरावा लागेल तितका विश्वासाचा. करार करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. आयएसओ 1585 म्हणतं, गुणक 0.93 आणि 1.07 च्या मध्ये असावा. बाहेर गेला तर चाचणीच्या वेळची हवा अहवालात स्पष्ट लिहावी. सुरुवातीच्या मे महिन्यातल्या गाडीकडे वळा. 39 अंश, 944 हेक्टोपास्कल आणि 20 टक्के आर्द्रता धरली, तर गुणक येतो 1.10 च्याही वर. म्हणजे कराराच्या हद्दीबाहेर. पुण्याची उंचीच साडेपाचशे मीटरच्या पुढे, त्यामुळे खोली 25 अंशांवर ठेवली तरी गुणक 1.07 च्या उंबरठ्यावर उभा राहतो. ड्रॅग रेसवाले हाच हिशेब 'घनता-उंची' म्हणून मांडतात, म्हणजे तुमची हवा प्रमाण वातावरणात किती उंचीवर सापडली असती. मे महिन्यातल्या त्या शेडची घनता-उंची 1,600 मीटरच्या घरात जाते. गाडी स्वारगेटला उभी असते आणि इंजिन कळसूबाईच्या माथ्यावर.

म्हणून मोठ्या प्रयोगशाळा दुरुस्ती करत बसण्याऐवजी हवाच दुरुस्त करतात: इंजिनाला पुरवायची हवा तापमान, आर्द्रता आणि भार सांभाळून नळीतून आणून देतात. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेल्या, 1966 मध्ये स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्था आणि गल्लीतलं गॅरेज एकाच गोष्टीला 'अश्वशक्ती' म्हणतात. पण दोन्हीकडचा आकडा एकाच मापाने तोलायचा नसतो. गॅरेजच्या डायनोचं खरं काम वेगळं आहे. त्याच दिवशी, त्याच रोलरवर, फिल्टर बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर. एवढं त्याच्याकडून मागा, तो चोख देईल.

करारात पळवाटा असतात, तशा इथेही आहेत. तापमानाचा सेन्सर सायलेन्सरच्या बाजूला सरकवा. सॉफ्टवेअरला वाटेल खोली भट्टीसारखी आहे आणि ते उदारपणे टक्के वाढवून देईल. हे जाणूनबुजून करणारे थोडे, नकळत करणारे पुष्कळ. मी स्वतः एकदा उलट्या बाजूने फसलो आहे. यंत्राचा वायुभारमापक बंद होता म्हणून मी मोबाइलवरच्या हवामानातून 1008 हा आकडा उचलून टाकला. हवामानवृत्तातला वायुभार समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो, म्हणजे नकाशावर रत्नागिरी आणि पुणे यांची तुलना करता यावी. पुण्यात त्या दुपारी प्रत्यक्ष भार 945 च्या आसपास होता. शंभराची गाडी मी साडेब्याण्णवची ठरवली, आणि मालकाला दोन तास क्लच घसरतोय का ते शोधायला लावलं. ही चूक तुम्ही करू नये म्हणून या पुस्तकात एक अख्खं परिशिष्ट आहे.

हे सगळं जुनं असेल तर आत्ता पुस्तक कशाला? कारण सूत्रं ज्या इंजिनांसाठी लिहिली गेली ती इंजिनं विरळ होत चालली आहेत. नैसर्गिक श्वास घेणाऱ्या पेट्रोल इंजिनाला सूत्र बऱ्यापैकी लागू पडतं. आजच्या छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांत संगणक आतला दाब मोजतो आणि बाहेरची हवा विरळ झाली तर टर्बोला जास्त फिरवून तूट भरून काढतो. जी तूट गाडीने स्वतःच भरून काढली, तिच्यासाठी पुन्हा करेक्शन लावणं म्हणजे एकाच बिलाचे दोनदा पैसे. उलट, इंटरकूलर तापला आणि इंजिन ठोकू नये म्हणून संगणकाने स्पार्क मागे घेतला, तर ताकद सूत्राच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त पडते, आणि त्या स्पार्कचा सूत्राला पत्ताच नसतो. डिझेलची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे हवा शिलकीत असते आणि ताकद इंधनाने ठरते, म्हणून आयएसओने डिझेलसाठी, आणि त्यातही टर्बो डिझेलसाठी, वेगळे घात दिले. गॅरेजात मात्र स्कॉर्पिओ आणि स्विफ्ट एकाच टिचकीत उरकल्या जातात.

आणि विजेच्या गाड्या? त्या हवा ओढतच नाहीत. 2018 मध्ये त्याच पाइक्स पीकवर रोमँ द्यूमाने फोक्सवॅगनची विजेवरची आय.डी. आर 7 मिनिटं 57.148 सेकंदांत माथ्यावर नेली, आणि सॅनफर्ड मॉसच्या अडचणीला शंभर वर्षांनी बगल मिळाली. पण हवामान सुटलं असं समजू नका. बॅटरी थंड असेल तर ती पुरता करंट देत नाही, तापली तर संगणक हात आखडता घेतो; मोटर आणि इन्व्हर्टरचंही तसंच. चौथ्या रनला ताकद का पडली, हा प्रश्न विजेच्या गाडीला विचाराल तर उत्तर पुन्हा तापमानातच सापडेल. त्यासाठी अजून सर्वमान्य सूत्र नाही, आणि मला ते बरंच वाटतं. निदान लोक मूळ आकडा तरी छापतील.

पुस्तकाच्या हद्दीबद्दल दोन शब्द. गाडीची ताकद वाढवायची कशी, हे यात नाही. त्यावर सांगणारे चौकाचौकात आहेत. यात फक्त मोजणं आहे. जानेवारी, मे आणि जुलै अशा तीन ऋतूंतल्या हवा घेऊन पुणे, मुंबई आणि लेह यांची गणितं पायरीपायरीने सोडवली आहेत. साध्या कॅल्क्युलेटरवर होतात. परिभाषेबाबत मी सोवळं पाळलेलं नाही. वायुभार, आर्द्रता, बाष्पदाब हे मराठी शब्द रुळलेले आहेत म्हणून घेतले. 'टॉर्क'ला पीळबळ म्हणायचा मोह मात्र पहिल्या खर्ड्यानंतर सोडून दिला, कारण शेडमध्ये तो शब्द उच्चारल्यावर सगळे माझ्याकडे बघत राहिले. प्रत्येक आकड्याशेजारी तीन गोष्टी छापल्या आहेत: बिन-करेक्शनचा आकडा, लावलेलं सूत्र आणि त्या वेळची हवा.

ती शिस्त प्रस्तावनेलाही लावतो.

पुणे, मे महिना, दुपारी साडेतीन.
सावलीत 39 अंश. प्रत्यक्ष वायुभार 944 हेक्टोपास्कल. आर्द्रता 20 टक्के.